इतिवृत्त कायम

तीनची सभा चार वाजून दहा मिनिटांनी सुरू झाली,
असं मी लिहीत नाही.
मी लिहिते : सभा ठीक तीन वाजता सुरू, गणपूर्ती होती.
गणपूर्तीसाठी बागवान साहेबांना
खालच्या टपरीवरून अर्ध्या चहातून उठवून आणलं होतं.

सव्वीस वर्षं शिक्षण मंडळाचं इतिवृत्त लिहिते आहे.
माझं अक्षर सुवाच्य आहे, यावर आजवरच्या सगळ्या अध्यक्षांचं एकमत.
एवढ्याच विषयावर.

विषय क्रमांक दोन, गणवेशाचं कापड.
निळं की आकाशी, यात पस्तीस मिनिटं गेली.
रणपिसे बाईंनी तुकडा चिमटीत धरला, चुरगाळला,
उजेडाकडे नेऊन बराच वेळ पाहिला,
म्हणाल्या, एका धुण्यात आभाळ भरून येईल याचं.
लिहिलं : सांगोपांग चर्चेअंती मंजूर.

विषय तीन. पट वीसखाली गेलेली शाळा शेजारच्या शाळेत विलीन करणे.
शेजारची म्हणजे रस्त्यापलीकडची,
आणि रस्ता म्हणजे सातारा रस्ता.
नकाशावर तो पेन्सिलीच्या रेघेएवढा.
शिंत्रे सर म्हणाले, परवा सकाळी सातला नातवाचं दप्तर घेऊन
मी तिथं उभा राहिलो.
अकरा मिनिटं लागली पलीकडे जायला.
लिहिलं : सदस्य श्री. शिंत्रे यांनी सूचना मांडली.

मग शिपाई नको नको म्हणत असताना ती आत आली.
ललिता खुडे, राहणार जनता वसाहत,
अंगात कचरा गोळा करणाऱ्यांचा हिरवा कोट,
चपला दाराबाहेर काढलेल्या.
म्हणाली :
माझी पोरगी सातवीत आहे आणि सातवीला गणित तीच शिकवती.
तिला पगार नका देऊ.
पण ती कुणाकडनं शिकणार, तेवढं सांगा.

पंख्याचा आवाज आधीपासून येत असावा.

प्रशासनाधिकाऱ्यांनी समजावलं.
पद रिक्त आहे. मागणी वर गेली आहे.
बिंदुनामावली तपासून आली की लगेच.
ती म्हणाली, बरं. मग ह्या बिंदुनामावली बाई
कुठल्या सोमवारी येत्यात?
कळून विचारलं की न कळून, मला अजून ठरवता आलेलं नाही.
हसले मात्र सगळे. ती सोडून.

अशा वेळेसाठी आमच्याकडे एक वाक्य असतं :
उपस्थित पालकांनी समस्या मांडल्या, चर्चा झाली.
सव्वीस वर्षांत हे वाक्य मी इतक्यांदा लिहिलंय
की हात आपोआप तिकडे वळतो.
त्या दिवशी वळला नाही.
तिचं बोलणं होतं तसं उतरवलं,
‘शिकवती’तला ‘ती’सुद्धा दुरुस्त न करता.

पुढल्या महिन्यात, विषय क्रमांक एक :
मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.
मी वाचलं. गणवेश वाचला त्याच पट्टीत तेही वाचलं.
अध्यक्ष फोनवर होते.
सूचक, श्री. बागवान, घड्याळाकडे बघत.
अनुमोदक म्हणून रणपिसे बाईंनी मान वर केली,
माझ्याकडे पाहिलं,
कापड पाहिलं होतं तितकाच वेळ,
आणि म्हणाल्या, अनुमोदन.

कायम.

शिक्षिका मानधनावर, खिचडी ठेक्यावर,
पाचवी ब दोन वर्षं तात्पुरत्या पत्र्याखाली,
आणि हे कायम. पान एकशे बारा.
आता ते खोडायचं तर त्यासाठीही ठराव लागेल,
ठरावाला गणपूर्ती लागेल.

पद अजून रिक्त आहे.

एका शनिवारी सकाळी, कुणी पाठवलं नसताना,
मी पर्वतीच्या पायथ्याला त्या शाळेत गेले.
व्हरांड्यातून पाहिलं.
फळ्याचा वरचा भाग कोरा, तिचा हात तिथवर पोचत नव्हता.
खाली वजाबाकी.
डस्टर बाकावर आपटून ती कुणा पोराला विचारत होती,
हातचा घेतलास ना?
मग गेला कुठं?