पडण्याची दिशा

अक्कलकोट रोड एमआयडीसीत
विकलेल्या मागांच्या रिकाम्या शेडमध्ये
फेब्रुवारीपासून आम्ही त्याला उभं करतोय.
कमरेएवढा. दोन पाय, बारा मोटरी,
डोकं नाही. तिथं बॅटरी,
आणि बॅटरीखाली नखाएवढा जायरो
सेकंदाला दोनशे वेळा विचारणारा:
कललो का? कुठं? किती?

चौथ्या पावलाला तो पडतो.
मी वहीत लिहिते. पडला, डावीकडे.
पडला, डावीकडे. पडला.
खाली मोराची चादर,
एक धागा चुकला म्हणून निर्यातीतून परत आलेली,
मोराच्या मानेवर आता ग्रीस.

घोटे आवळून पाहिले.
तळवे अर्धा इंच रुंद केले.
गुडघे वाकवून चालवला, तर
घाईची लागल्यासारखा चालला
आणि नरसय्या हसता हसता स्टुलावरून गेला.
(उजवीकडे. तेही लिहिलं.)

शेजारच्या शेडमधून शिवलिंगप्पा आले,
मोटरी वाइंड करणारे, बोटांना वार्निश.
बावीस संक्रांती कमरेच्या पट्ट्यावर
नंदीध्वज पेललेला माणूस.
बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले,
"पडू नगं म्हनायलीस त्याला.
काठी पडनारच की गं.
ती जिकडं निघाली, तिकडं
तिच्या आदी आपुन जायचं. बास."

त्या रात्री मी घोटे सैल सोडले.
'उभं राहा' ही ओळच खोडली.
वजन जिथं पडणार
तिथं पाय आधी पोचू दे, एवढंच ठेवलं,
आणि 'एवढंच' लिहायला पहाटेचे चार वाजले.

नऊ पावलं. अकरा.
अकराव्याला केबल ताणली, तो मागं ओढला गेला,
आणि त्यानं एक पाऊल टाकलं, आडवं,
जे आमच्यापैकी कुणीच लिहिलं नव्हतं.
नरसय्या हसला नाही.

सकाळी शिवलिंगप्पांना दाखवलं.
बघितलं. चहा अर्धा ठेवला.
औंदा काठी धरली नाही त्यांनी,
डाव्या गुडघ्यातली गादी गेलीय.
"असली मोटर," म्हणाले,
"मानसाच्या गुडघ्यात बसती का?"

मला उत्तर येत नव्हतं.

ते निघाले. शेडच्या उतारावर
अख्खं अंग डावीकडे झुकलं
आणि पाय, किंचित उशिरा, पोचला.
वहीकडे हात गेला होता माझा.
पेन उघडं तसंच राहिलं.