बसका मोर

पोटमाळ्यावर साखरेच्या पोत्यात सापडली
नान्नांची जकार्डची कार्डं,
दोरीत ओवलेली, एकाखाली एक.
उंदरांनी कडा खाल्ल्यात, भोकं शाबूत.
भोकं कोण खाणार?

राजेशम म्हणाला, अक्का, रद्दीवाला येतोय चार वाजता.
म्हटलं, येऊ दे. चहा देऊ त्याला.

एक कार्ड खिडकीत धरलं.
अशोक चौकाकडचं ऊन
भोकाभोकातून माझ्या पातळावर पडलं,
ठिपका, रिकामं, रिकामं, ठिपका.
हे मला वाचता येतं.
लहानपणी पंचिंगच्या टेबलाखाली बसून
कागदाच्या गोल टिकल्या वेचायचे मी,
थुंकी लावून कपाळाला चिकटवायचे,
आणि वर नान्ना पुटपुटत असायचे,
आकडे तेलुगूत, शिव्या मराठीत.

भोक म्हणजे तार वर.
भोक नाही म्हणजे तार खाली.
एवढ्या व्याकरणावर मोर उभा राहिला चादरीत
आणि लोकांनी तो लग्नात आहेर दिला,
रेल्वेच्या बाकावर अंथरला,
मयतावरही घातला कुठे कुठे.

मी लोकर आणली. मरून, आणि सायीच्या रंगाची.
सोलापुरात, मार्चात.
दुकानदारानं दोनदा विचारलं,
बाई, थंडी कुणाला वाजतेय?

विणणं शिकवलं होतं रूथबाई साळव्यांनी,
मिशनच्या शाळेत, शनिवारच्या तासाला.
टाक्याला त्या घर म्हणायच्या.
चाळीस घरं घाल.
घर गळलं का? मग खाली शोध, वर नाही.
आम्ही मुली तोंडात पदर कोंबून हसायचो,
आमच्यातल्या निम्म्यांची घरं
पावसाळ्यात खरंच गळायची.

तर ऐंशी घरं घातली.
एक कार्ड, एक ओळ.
भोक तिथे मरून, नाही तिथे साय.
जाताना सुलट, येताना उलट.
मागचे धागे सैल सोड, रूथबाई कानात म्हणाल्या,
ओढलेस तर कापड रुसेल.
एकविसाव्या कार्डावर
एका भोकावर कागद डकवलेला.
नान्नांची चूक, नान्नांची खळ.
नखानं खरवडून बघावंसं वाटलं.
नाही खरवडलं. साय विणली तिथे.

बावन्न ओळी झाल्या आणि मोर दिसला.
मोर कुठला, खुडूक कोंबडी.
मान खांद्यात शिरलेली, पिसारा पसरट.
एक हिशेब माझ्या ध्यानातच नव्हता:
सुईवरचं घर रुंद असतं, बुटकं असतं.
नान्नांचा मोर त्यात मावेना,
आढ्याला डोकं लागावं तसा
वाकून उभा बिचारा.

राजेशम बघायला आला.
तीस वर्षं चार माग चालवून
कान गेलेत त्याचे, डोळे तिखट.
म्हणाला, नेमली कुठाय यात?
हे तर अंबादासमामा, जेवून बसलेत.

उसवणार होते. राहून गेलं.
घरं बंद करून टोपलीत टाकली,
वर लसणाची जुडी आली, वर आणखी काही.

मग गड्ड्यावर पाळणे उभे राहायला लागले
आणि राजेशमचे गुडघे धरले.
टोपलीतनं ते काढलं, दोन कडा जोडल्या,
नळी झाली, चढवली उजव्या पायात.
अर्धी चेष्टाच होती.

तो खाटेवर बसला. गुडघा वाकला.
लोकर ताणली
आणि मोर उठला.
मान वर आली, पिसारा आवरला,
अगदी नान्नांच्या मापाचा.

आम्ही दोघंही बोललो नाही.
त्यानं पाय लांब केला, मामा बसले.
वाकवला, मोर उठला.
लांब. वाकव. लांब. वाकव.
तोंडानं तो आवाज काढत होता, त्याला न ऐकू येणारा,
खट्टक. खट्टक.

डाव्या गुडघ्याची ऐंशी घरं घातलीत आता.
ह्या खेपेला कार्डं पालथी धरून वाचतेय,
दोन मोर समोरासमोर यायला हवेत.
रद्दीवाला परवा पुन्हा येऊन गेला.
चहा दिला त्याला.