बाण कुठून काढायचा

बेहेरे सरांनी फळ्यावर वर्षानुवर्षं
एकच चित्र काढलं:
चौकटीत चौकटी, प्रत्येकीत एक छोटा बाण,
शेपटीला ऋण, टोकाला धन.
"बेरीज करा, आकारमानानं भागा. झालं ध्रुवीकरण."
मी ते बाण पट्टी लावून उतरवायचे.

आज त्यांच्या पाषाणच्या घरी
प्रबंधाची चौथी प्रत घेऊन आलेय
आणि तिसऱ्या प्रकरणात एकही बाण नाही.

"बाण कुठे गेले, रणपिसे?"

मी खाली बघते. जुनी फरशी,
काळा, पांढरा, काळा, पांढरा.
सर, एक जोडी निवडा.
तुम्ही हा काळा न् उजवीकडचा पांढरा घ्याल,
बाण खिडकीकडे.
मी त्याच पांढऱ्याला त्याच्याही पलीकडचा काळा जोडेन,
बाण मोरीकडे.
फरशी तीच. एक तुकडा हललेला नाही.
आणि स्फटिकात तर असे तुकडेही नसतात,
इलेक्ट्रॉन ओल्या रंगासारखा
सांध्यासांध्यांत पसरलेला;
जिथे कापाल, तसं उत्तर.

सर चष्मा पुसतात.
बराच वेळ पुसतात.

"मग आम्ही तळघरात काय मोजलं?
तापकीर गल्लीतून आणलेले ते केशरी कपॅसिटर,
मसुराएवढे,
ब्लेडनं सोलून, आतल्या चकतीला नव्या तारा जोडून
रात्र रात्र आलेखावर वळसे काढले, ते?"

फरक, सर.
या टोकाकडून त्या टोकाकडे उलटताना
तारेतून किती वाहिलं, ते.
टायटॅनियम मधल्या जागेवरून सरकतो
केसाच्या ऐंशी लाखाव्या भागाइतका.
सरकताना पकडता येतो.
बसल्यावर विचारलं, कुठे आहेस,
तर प्रश्नच नीट लागत नाही.

म्हणून मी लहरींच्या कला जोडत जाते
(कला म्हणजे चंद्राच्या असतात तशाच),
आणि उत्तर येतं घड्याळासारखं:
सव्वाचार.
कुठल्या दिवसाचे, ते नाही.

"परीक्षकांना पटेल?"
एकांना पटलंय.
दुसऱ्यांनी विचारलंय, बाण कुठे गेले.

सर हसतात, खोकला येईपर्यंत,
आणि चहा टाकायला उठतात.
टक.
टक.
लायटरच्या पोटातला खडा दाबला की ठिणगी,
धरून ठेवला की गप्प.
तिसऱ्यांदा गॅस पेटतो.
"हेच म्हणतेयस ना तू?" आतून आवाज.
जवळजवळ, सर.
"वळसे मात्र बरोबर आले होते हो."
वळसे बरोबरच होते.

घरी येऊन प्रत उघडली.
पान सत्तेचाळीस, समासात पेन्सिलीनं
एक बाण, पुसट,
शेजारी दुसरा, उलट्या तोंडाचा,
आणि खाली बारीक अक्षरात: साखर जास्त झाली होती का?
सोमवारी प्रत बांधायला द्यायची आहे.
खोडरबर कुठे ठेवलंय, आठवत नाही.