सोळा घरं

कार्ड आत गेलं की आधी त्याला वीज मिळते,
मग ते स्वतःची ओळख सांगतं, दहा-वीस बाइटची.
एरंडवण्यात, शिंप्याच्या दुकानावरच्या आमच्या खोलीत
ती ओळख मी तीनशेदा तरी ऐकली असेल.
मी विचारायचं, अमुक ॲप्लिकेशन आहे का?
त्यानं म्हणायचं, नव्वद शून्य शून्य.
म्हणजे ठीक, पुढे बोला.
कधी म्हणायचं, सहा-ए आठ-दोन.
म्हणजे या नावाचं इथे कोणी राहत नाही.
इतक्या चोख बोलणाऱ्याशी
माझी आयुष्यात पहिल्यांदाच गाठ पडली होती.

टेस्ट कार्डं सगळी पास झाली.
चोवीस, रबरबँड लावलेली:
मुदत संपलेलं, पिन विसरलेलं,
एक मुद्दाम खोटं बोलणारं.
धायगुडेनं खाली जाऊन सामोसे आणले.

मग रीडर बसला बोहरी आळीत,
मुर्तझाभाईंच्या काउंटरवर,
बिजागऱ्या, कडी-कोयंडे
आणि किलोवर विकल्या जाणाऱ्या खिळ्यांच्या मधोमध.

पहिल्याच आठवड्यात एकोणीस व्यवहार अर्धवट.
लॉगमध्ये दर वेळी तीच ओळ:
कार्ड मध्येच काढलं.
बँकेचा होकार निघालेला, वाटेत असलेला,
आणि इकडे ऐकून घ्यायला कोणी नाही.

धायगुडे म्हणाला, स्प्रिंग सैल असेल.
केबल बदलली. मी टाइमआउट वाढवला, मग कमी केला.
रात्री दोन वाजता हेक्सच्या रांगा वाचत बसले,
पत्रिका वाचावी तशा, कुठला ग्रह वाकडा ते शोधत.

शिर्के प्लंबरचे दोन हजार तीनशे चाळीस अडकले.
खात्यातून गेले, दुकानात पोचले नाहीत.
सात दिवसांत परत येतील, मी फोनवर म्हणाले.
ते म्हणाले, मॅडम,
गळका नळ सात दिवस थांबतो होय?

शेवटी शनिवारी स्वतः गेले.
काउंटरच्या आत एक स्टूल मिळालं, शेजारी साखळ्यांचं पिंप.
एका बाईंनी कार्ड घातलं, पिन दाबला,
चष्मा वर करून पडद्यावर वाकल्या
आणि विचारलं, काढू?
मुर्तझाभाई स्क्रू तोलत होते.
मान वर न करता म्हणाले, काढा की.

मी पडद्याकडे पाहिलं.
कृपया कार्ड काढू
एवढंच.
त्या ओळीला सोळा घरं.
कान्याला वेगळं घर, उकाराला वेगळं,
र-चा पाय मोडला तर त्या मोडण्यालाही घर.
'काढू' सोळाव्यात संपला.
'नका' बाहेरच राहिलं.

गाडी लावू नका, बेल दोनदा वाजवू नका,
कुंडीतली फुलं तोडू नका,
ज्या गावात फाटकाफाटकावर नका,
आणि कधी कुणाला कमी पडलं नाही,
तिथे माझंच एक नका गळालं
आणि मशीन येणाऱ्या-जाणाऱ्याची परवानगी मागत बसलं.

शिर्क्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं,
तुमच्या मशीननंच विचारलं, काढू का म्हणून.
मी हसले होते.
कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, ग्राहकाची चूक.

दुरुस्तीला चार मिनिटं.
'कृपया' उडवलं असतं तरी बसलं असतं,
पण मी स्टुलावर बोटं मोजत राहिले.
क, काना, र, मोडका पाय, ड, मोकळी जागा...
हिशेब चुकतोय का? मुर्तझाभाईंनी विचारलं.
चुकला होता, म्हटलं.

कार्ड राहू द्या.
पंधरा.
एक घर रिकामं उरलं.

शिर्क्यांचे पैसे सहाव्या दिवशी आले.
रकान्यातली ती ओळ मी खोडली.
त्या रकान्याला अक्षरांची मर्यादा नाही.
अजून काही सुचलेलं नाही.