अर्ध्या ताकदीवर

मकवालाबाई स्वतःच निरोप धाडते, मेस्तियाला:
फोटोवाल्याला पाठवा,
थडग्यावरचा फोटो काढून घ्यायचाय, मी आहे तोवर.
नंतर मुलं कुठल्या तरी लग्नातला कापून लावतील,
खांद्यावर दुसऱ्याच कुणाचा हात राहील.

मी जातो. जीप दोनदा चिखलात बसते.
बॅगेत कॅमेरा, एकच लेन्स, फ्लॅश,
आणि वाटेत दुकानातून घेतलेले चार सेल,
कारण चार्ज केलेले घरी टेबलावर राहिले.

स्वयंपाकघरात शेगडी पेटलेली, खिडकी पोस्टकार्डाएवढी.
ती काळा रुमाल बांधून बसलीय, हात मांडीवर,
दाताच्या डॉक्टरकडे बसावं तशी.

पहिला फोटो सरळ तोंडावर.
व्हायचं तेच होतं. कपाळ चुन्यानं सारवल्यासारखं,
मागे भिंतीवर तिचीच सावली, तिच्याहून धारदार.
ती स्क्रीन बघते. "हा पोलिसांना दे."

मग मी फ्लॅशची मान वर वळवतो.
धंद्यातली जुनी रीत: चेहऱ्याशी थेट बोलायचं नाही,
छताशी बोलायचं. लेकी बोले सुने लागे.
उजेड वर जातो, पसरतो, मऊ होऊन खाली येतो,
कुठून आला ते चेहऱ्याला कळत नाही.

पण या छतानं पन्नास हिवाळ्यांचा धूर खाल्लाय.
मी उजेड फेकतो, ते गिळून बसतं.
स्क्रीनवर नुसती शेगडीची लाल फट
आणि चष्म्याची एक कड.
"माझा नवराही असाच होता," ती म्हणते,
"कितीही बोला."
दारातून लामारा हसते, सून, ओल्या हातांनी.

पांढरं काही आहे का घरात?
दोघी एकमेकींकडे बघतात.
पेटीतून निघतं टेबलावरचं कापड,
लग्नातलं, घड्यांवर पिवळं पडलेलं,
मधोमध तळहाताएवढा वाइनचा डाग.
"गुरामनं सांडली. धाकटा दीर. दोन टोस्टनंतर उभं राहवेना,
पण तिसरा देणारच होता."
लामारा स्टुलावर चढते, कापड हातभर पसरून धरते,
मी फ्लॅश तिच्याकडे वळवतो,
सासूकडे पाठ करून.

आता डोळे.
ऑटोवर फ्लॅश आधी एक बारीक चमक सोडतो,
अंदाज घ्यायला. आपल्याला कळतसुद्धा नाही.
तिला कळते. सहा फोटो, सहाही मिटलेले.
"त्याला अजून वेळ आहे ना?"

मॅन्युअल. अर्धी ताकद. अंदाज माझा मीच घेतो.
सेल थकलेत, फ्लॅश डासासारखा गुणगुणतो,
पुन्हा भरायला आठ सेकंद, मग दहा.
त्या दहा सेकंदांत लामाराचे हात थरथरू लागतात
आणि मकवालाबाई वर बघते, तिच्या दंडांकडे,
आणि जे कधी बोलली नसावी ते बोलते:
"टेक गं जरा. दुखत असतील."

तेवढ्यात लाल दिवा लागतो. मी बटण दाबतो.

चेहरा मिळाला. सुरकुत्या सगळ्या आपापल्या जागी,
आणि डाव्या गालावर किंचित लाली.
आधी वाटलं शेगडीची. नाही.
उजेड ज्याला शिवून येतो त्याचा रंग घेऊन येतो.
गुरामची वाइन.

घरी गेल्यावर एका क्लिकमध्ये काढता येईल.
काढायचीही गरज नाही, झुगदिदीचा मुरमान
काळ्या दगडावर ठिपके ठिपके कोरेल,
दगडाला लाली कळत नाही.
मी तिला तसं सांगतो.
ती स्क्रीन चष्म्यापाशी धरून बघत राहते.
"मग हिच्यासाठी एक कागदावर काढ," म्हणते, "रंगीत,"
आणि हिच्या म्हणजे कुणाच्या ते सांगत नाही.
लामारा कापडाच्या घड्या घालतेय, जुन्याच खुणांवर.

पैसे मोजून देते. एक नोट जास्त, मी परत करतो.
मग निघताना, दारात:
"ते सेल टाकणार आहेस का?"

फ्लॅशला पुरत नाहीत. भिंतीवरच्या घड्याळाला
वर्षभर सहज पुरतील.
मी चारही काढून तिच्या हातावर ठेवतो.
अजून कोमट आहेत.