कापड कमी पडलं

डिलाईल रोडची चाळ, रात्रीचे दोन.
तोडणकर पेंटरनं जिन्याखाली मांजरपाट अंथरला.
मी दहा वर्षांचा, कंदील धरायला.

कमिटीचा मजकूर होता:
‘मायबाप सरकारास नम्र विनंती की
आमच्या पाण्याचा कृपया विचार व्हावा.’

त्यानं वाचला. विडी विझवली.
निळीची दोरी ताणून अख्ख्या कापडावर रेघ उठवली,
मग कात्री मागितली.

पाणी आमचं आहे.

एवढंच. ‘णी’ची वेलांटी नळासारखी वाकलेली.

सकाळी सेक्रेटरी भडकले, विनंती कुठाय?
‘कापड कमी पडलं,’ म्हणाला,
ब्रश रॉकेलात बुडवत.

दुसरा फलक करायला वेळ नव्हता. तोच घेऊन निघालो.
चिंचपोकळीच्या पुलापर्यंत लोक पुटपुटत वाचत होते,
पूल उतरल्यावर मोठ्यानं.
माझी आई, जिनं ‘माझं’ असं
ताटातल्या भाकरीलाही म्हटलं नव्हतं,
दुसऱ्या शब्दावर जोर देत होती.

पाणी आलं.
पुढच्या वर्षी, अर्धा तास.

तोडणकर गेला तेव्हा खोली आवरायला मीच होतो.
ट्रंकेच्या तळाशी घडी:
मांजरपाट, चांगला दोन हात,
कोरा,
निळीची रेघ अजून त्यावर.