अकरा नंबरचा माग

हिरेमठ सर म्हणायचे, तुझी सम उशिरा येते.
पंधरा मात्रा ठीक. सोळावी संपली की
दाराबाहेर कुणी चप्पल काढत असल्यासारखा
तू थांबतोस. कुणासाठी?

मला काहीच उशिरा ऐकू येत नव्हतं.

क्लास पिठाच्या गिरणीवर, माडीला.
तबल्याच्या पुडीला ज्वारीचा वास यायचा.
बाकीची पोरं समेवर एकदम मान टाकायची,
माझी मान एकटीच मागून यायची,
आणि मला वाटायचं, हे सगळे घाई करतात.

फी थकली होती तीन महिन्यांची,
म्हणून एका संध्याकाळी सर घरी आले.
घर म्हणजे एक खोली, भिंतीपलीकडे शेठचं शेड,
बारा माग, चादरींचे.
अकरा नंबर नान्नांचा.
सर फीचं विसरले. डोळे मिटून उभे राहिले,
अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत राहिला.
धोटा जाताना वेळेवर जायचा,
येताना किंचित रेंगाळायचा.
खट. ... खटाक्.
डावीकडचा चामडी पट्टा सैल पडला होता,
माझ्या जन्माच्या आधीपासून.

सर नान्नांच्या कानाशी ओरडले.
नान्ना कान देतच नसत, ओठ बघत;
शेडमधल्या सगळ्यांना ओठ वाचता येतात.
मग सर माझ्याकडे वळले :
"याने शिकवलेलं पुसायला मला नऊ वर्षं लागतील.
फी तीच."

त्या रात्री जॉबरला न बोलावता
नान्नांनी स्वतःच पट्टा बदलला.
मागाच्या चौकटीवर तळहात ठेवून पाहिला,
जसा ताप बघतात.
आणि माझ्याकडे बघून मान हलवली : आता सरळ.

सरळच होता.
आणि आमच्यात कुणी झोपलं नाही.
धाकटी रडत राहिली, दूध घेईना.
अम्माच्या हाताखाली पंचवीसच्या कट्ट्यात
सव्वीस विड्या गेल्या, दोनदा.
"काय झालंय या घराला?" ती म्हणाली,
आणि दाराची कडी तपासून आली.
लाईट गेली की सगळी गल्ली जागी व्हायची
शांततेच्या आवाजानं, ते माहीत होतं.
पण हे तर चालू होतं.
चालू असून कुणीतरी घरातून उठून गेलेलं.

मी पडल्या पडल्या मोजत होतो :
खट, आणि मी वाट पाहायला लागणार,
तेवढ्यात खटाक् येऊन गेलेला.
दर वेळी. रात्रभर
पायरी नसलेल्या जागी पाय पडावा तसं.

पंधरा दिवसांत सगळे झोपायला लागले.
धाकटीही. कान मोठा निर्लज्ज असतो.
नान्ना अधूनमधून विचारायचे, बरं वाजतं ना आता?
मी हो म्हणायचो, ओठ नीट हलवून.
क्लासमध्ये मात्र बोटं
जुन्या पट्ट्यानंच चालत राहिली.
सरांनी मांडीवर ठोके दिले, मेट्रोनोम आणला,
शेवटी एका कार्यक्रमात
स्वतःच माझ्यासाठी थांबले, समेच्या अलीकडे.
समोर बसलेल्यांपैकी कुणीतरी "आहा" म्हणालं.
घरी येताना सर सबंध रस्ताभर रागावलेले होते.

माग भंगारात गेले, किलोवर.
शेड आता मंगल कार्यालयाच्या खुर्च्यांचं गोडाऊन आहे.
नान्नांना मशीन घेतलं कानाचं,
ते डबीत ठेवतात. म्हणतात, त्यात नुसता गोंगाट.

काल माझी मुलगी जेवताना
चमच्यानं ताट वाजवत होती.
अडीच वर्षांची. माग तिनं पाहिलेला नाही.
खट. ... खटाक्.
मी हातातला घास तसाच धरला.
तिला कुणी शिकवलं,
ते आठवायला मला वेळ लागला :
रोज रात्री पाठीवर थोपटताना,
पंडुको बिड्डा, पंडुको,
माझाच हात.

नान्ना समोर बसले होते, मशीन न लावता.
त्यांनी तळहात टेबलावर ठेवला
आणि बराच वेळ काढला नाही.
मग हळूच म्हणाले,
"डावीकडचा पट्टा सैल आहे."